रोमन गल्ल्यावरचा हिशेब

एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. जरा मोठ्याने म्हणून बघा. वाण्याच्या गल्ल्यातले कप्पे डोळ्यांपुढे येतात की नाही? ही रोमन आकड्यांची अख्खी मुळाक्षरं आहेत! आय म्हणजे एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. सात चिन्हं, खेळ खलास. दोनची, वीसची, दोनशेची नोट रोमनांनी काढली नाही आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून आपल्या गल्ल्यात एम उरला नाही, एवढाच काय तो फरक. हे लक्षात आलं त्या क्षणापासून मी या आकड्यांच्या इतका नादी लागलोय की वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागेसुद्धा एक्स आणि व्ही दिसू लागलेत. घरचे हसतात. हसोत!

कारण आपल्याकडे रोमन आकड्यांची जागा ठरलेली. घड्याळाची तबकडी, प्रस्तावनेची पानं, पाचव्या जॉर्जच्या नावापुढचा पाच. प्राथमिक शाळेत एक धडा, परीक्षेत दोन गुण, मग राम राम. त्यातच एक वाक्य कानावर पडतं: या आकड्यांत गणित करता येत नाही. का येत नाही, ते मात्र कुणी करून दाखवत नाही. चला, करूनच बघू.

२३७ अधिक १६८. रोमन पद्धतीने २३७ म्हणजे दोन सी, तीन एक्स, एक व्ही, दोन आय. १६८ म्हणजे एक सी, एक एल, एक एक्स, एक व्ही, तीन आय. दोन्ही ढीग एकत्र ओता: तीन सी, एक एल, चार एक्स, दोन व्ही, पाच आय. बेरीज झालीसुद्धा! आता फक्त सुट्ट्यांचे बंदे करायचे. पाच आय द्या, एक व्ही घ्या. व्ही झाले तीन. त्यातले दोन द्या, एक एक्स घ्या. एक्स झाले पाच. पाचही देऊन एक एल. एल झाले दोन. दोन्ही देऊन एक सी. उरलं काय? चार सी आणि एक व्ही. ४०५! ‘सात आणि आठ पंधरा’ हे पाठ असायची गरज पडली नाही. हातचा डोक्यात धरून ठेवायचा नाही, तो समोर टेबलावर पडलेला आहे. पाचपर्यंत मोजता आलं की बस्स.

वजाबाकी उलट्या वाटेने. ८३ वजा ३७. माझ्याजवळ एक एल, तीन एक्स, तीन आय. द्यायचे आहेत तीन एक्स, एक व्ही, दोन आय. तिन्ही एक्स देऊन टाकले, दोन आय दिले, हातात राहिले एल आणि आय. आता व्ही कुठून द्यायचा? एलची मोड घ्या: चार एक्स आणि दोन व्ही. त्यातला एक व्ही दिला. शिल्लक चार एक्स, एक व्ही, एक आय. ४६. बाजारात पन्नासाची नोट मोडताना आपण हेच तर करतो!

इथे जाणकार वाचक भुवई उंचावेल. चार म्हणजे आय-व्ही ना? चाळीस म्हणजे एक्स-एल? मोठ्या चिन्हाच्या डावीकडे लहान चिन्ह आलं की वजा, हे शाळेत घोटून घेतलेलं असतं. मग वजा करायचं नाणं ढिगात ओतायचं तरी कसं? उत्तर सोपं आहे. हिशेबाला बसताना तो गुंडाळलेला चार उलगडून चार दांड्या करायच्या. आणि खरी मजा पुढे आहे. खुद्द रोमनांनी हा वजाबाकीचा नियम कधी फारसा मनावर घेतलाच नव्हता! रोमच्या कोलोसियमला खालच्या मजल्यावर ऐंशी कमानी, त्यांतल्या ७६ दारांना क्रमांक दिलेले. पडझडीतून वाचलेल्या भागावर २३ ते ५४ हे क्रमांक आजही दिसतात. त्यातलं ४४ नंबरचं दार बघा: एक्स-एल-आय-आय-आय-आय. चाळीस वजाबाकीने लिहिले आणि लगेच शेजारचे चार सरळ चार दांड्यांनी! एकाच दगडावर, एकाच संख्येत दोन्ही पद्धती सुखाने नांदतायत. अठराचा आकडा कुणी एक्स-व्ही-आय-आय-आय असा सरळ लिही, कुणी आय-आय-एक्स-एक्स, म्हणजे वीसला दोन कमी, असा. नियमांची काटेकोर चौकट पुष्कळ नंतर आली, तीसुद्धा पूर्ण आली नाही. बहुतेक रोमन घड्याळांवर चारच्या जागी चार दांड्या असतात. लंडनच्या बिग बेनवर मात्र आय-व्ही आहे.

मुंबईकरांसाठी तर घरचंच उदाहरण आहे. गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवरचा लेख वर मान करून वाचा. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरले ती तारीख दोन डिसेंबर, आणि साल एम-सी-एम-एक्स-आय. हजार, मग हजाराला शंभर कमी म्हणजे नऊशे, मग अकरा: १९११. आता त्याच राजघराण्याच्या लंडनमधल्या ॲडमिरल्टी आर्चवर या. तिथे साल आहे १९१०, आणि ते कोरलंय एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं. नऊशे म्हणजे पाचशे आणि वर चार शंभर, वजाबाकीचं नावही नाही! एकच साम्राज्य, लागोपाठची दोन वर्षं, दोन तऱ्हेचे नऊशे. मी दोन्ही लेखांची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. (सगळ्यात लांबलचक साल हवं असेल तर १८८८ घ्या: एक एम, एक डी, तीन सी, एक एल, तीन एक्स, एक व्ही, तीन आय. तेरा चिन्हं! आजवर होऊन गेलेल्या कुठल्याही इसवी सनाला याहून जास्त लागली नाहीत.)

आता गुणाकार. इथे मात्र माझी झोप उडाली.

दहाने गुणायचं म्हणजे प्रत्येक नाणं दोन कप्पे वर सरकवायचं. आयचा एक्स होतो, व्हीचा एल, एक्सचा सी, एलचा डी, सीचा एम. पाचने गुणताना आय, एक्स आणि सी एकच कप्पा वर जातात: आयचा व्ही, एक्सचा एल, सीचा डी. राहिले व्ही आणि एल. त्यांना पाचने गुणलं की पुढच्या दहाच्या घरातले दोन आणि शिवाय ते स्वतः. व्हीचे होतात दोन एक्स आणि एक व्ही, म्हणजे पंचवीस. एलचे होतात दोन सी आणि एक एल, म्हणजे अडीचशे. झाले सगळे पाढे! बे एके बेपासून तीस दाहे तीनशेपर्यंतची आपली घोकंपट्टी आठवा आणि मग हे पुन्हा वाचा.

२३ गुणिले १६ करू. २३ म्हणजे दोन एक्स, तीन आय. १६ म्हणजे एक्स, व्ही आणि आय. एक्सने गुणून मिळाले दोन सी, तीन एक्स. व्हीने गुणून दोन एल, तीन व्ही. आयने गुणून तेच: दोन एक्स, तीन आय. सगळं एकत्र ओतलं: दोन सी, दोन एल, पाच एक्स, तीन व्ही, तीन आय. आता बंदे करा. दोन व्हीचा एक एक्स, पाच एक्सचा एक एल, दोन एलचा एक सी. हाती आले तीन सी, एक एल, एक एक्स, एक व्ही, तीन आय. ३६८. आपल्या आकड्यांत पडताळून पाहा!

या वेडात आपण एकटे नाही हे कळल्यावर फार बरं वाटलं. माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन, ज्याच्या डोक्यातून आजच्या डिजिटल जगाचा पाया निघाला, त्याने १९५० च्या दशकात निव्वळ हौसेखातर एक गणनयंत्र बनवलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं रोमन आकड्यांत! नाव ठेवलं थ्रोबॅक. हे यंत्र अमेरिकेत एमआयटीच्या संग्रहालयात आहे. आणि १९५६ मध्ये फ्रेंच अँडरसन नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने रोमन आकड्यांतली आकडेमोड मांडून दाखवणारा लेख अभिजात भाषांच्या एका नियतकालिकात छापून आणला होता. पुढे तो जनुकीय उपचारांच्या क्षेत्रात गेला.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता रोमन माणूस हिशेबाला बसलेला डोळ्यांपुढे येतोय. पण तो काही माझ्यासारखा कागदावर एक्स आणि व्ही खरडत बसत नव्हता! तो हिशेब करायचा पाटीवर, गोट्यांनी. लिहायचा फक्त उत्तर.

ही पाटी कशी होती ते ऐका. तळहातावर मावेल एवढा काशाचा पत्रा, त्यात उभ्या खाचा, खाचांत सरकणारे मणी. असे नमुने रोम आणि पॅरिसच्या संग्रहांत आहेत. उजवीकडून डावीकडे एकक, दशक, शतक करत थेट दहा लाखांपर्यंत सात घरं. प्रत्येक घरात खाली एक लांब खाच, तिच्यात चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. वर एक आखूड खाच, तिच्यात एकच मणी, त्याची किंमत पाच. चार आणि पाच, म्हणजे एका घरात जास्तीत जास्त नऊ. आता त्या घरात नऊ दाखवा. वरचा एक मणी, खालचे चार मणी. आणि नऊ रोमन आकड्यांत सरळ लिहा: एक व्ही, चार आय. अहो, हे त्या पाटीचं छायाचित्र आहे! चार दांड्यांचा चार म्हणजे खालचे चार मणी. एखाद्या संख्येच्या एककाच्या घरात मणी नसेल तर तिथे काही लिहायचंच नाही, कारण रिकाम्या खाचेचं चित्र कशाला काढायचं?

इथे मला सगळं एकदम उमगलं. रोमन आकडे हे आपल्या आकड्यांचे वेडेविद्रे, मागासलेले आजोबा नव्हेतच. ते काम वेगळं करतात. आपले आकडे हिशेब करतातही आणि नोंदतातही. रोमनांनी ही दोन कामं दोन हातांना वाटून दिली होती: हिशेब पाटीने करायचा, आकड्यांनी तो फक्त टिपून ठेवायचा. नुसत्या टिपणाकडे बघून ‘यात गणित होत नाही’ म्हणणाऱ्याने निम्मं यंत्र पाहिलेलंच नसतं.

त्यांचं रूपही त्यामुळे वेगळं दिसू लागतं. ही चिन्हं मुळात अक्षरं नव्हतीच. इटलीतल्याच एट्रुस्कन लोकांकडे त्यांचे पूर्वज सापडतात. हजाराचं जुनं चिन्ह म्हणजे मध्ये एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक कंस. त्याचं उजवं अर्धं तोडून घ्या: पाचशे, म्हणजेच डी! हजाराला बाहेरून आणखी एकेक कंस चढवला की दहा हजार, आणखी एकेक चढवला की लाख. पुढे ही सगळी चिन्हं ओळखीच्या अक्षरांच्या साच्यात बसली आणि आपण समजून बसलो की रोमनांनी बाराखडीतूनच आकडे उचलले.

मग अपूर्णांकांचं काय? तिथे दहाचा हिशेब बाजूला आणि बाराचा सुरू. एका पूर्णाचे बारा भाग, एकेका भागाला उन्सिया. लिहायची रीत इतकी साधी की हसू येतं: एक ठिपका म्हणजे एक बारांश, दोन ठिपके म्हणजे दोन. सहा झाले की ठिपके पुसा आणि एस लिहा, एस म्हणजे अर्धा. प्रजासत्ताकाच्या काळातल्या तांब्याकाशाच्या नाण्यांवर हेच ठिपके उठवलेले असत. तीन ठिपके दिसले की पाव, चार दिसले की तिसरा हिस्सा. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्याच्या बोटालाही नाण्याची किंमत कळावी! काशाच्या पाटीवर एककाच्या उजवीकडे बारांशांची खास खाच असते. तिच्यात खाली चार नव्हे, पाच मणी, आणि वरच्या मण्याची किंमत पाच नव्हे, सहा. पाच आणि सहा अकरा, बारावा आला की एककाच्या घरात जा. काय चोख बांधणी आहे! कवी होरेसने रोमन पोरांच्या शाळेची थट्टा केली आहे, तीही याच हिशेबावरून. पाच बारांशांतून एक काढला तर किती? एक तृतीयांश. एक मिळवला तर? अर्धा. पोरगं झटकन उत्तर देतं आणि होरेस उसासा टाकतो, की अशा पैशापैशाच्या हिशेबात वाढलेल्या डोक्यांतून कविता कुठून यायची. मी मात्र त्या पोराच्या बाजूचा!

आणि हे हिशेब पोरखेळ नव्हते. इसवी सनापूर्वी ५१ मध्ये रोमन वक्ता सिसेरो सिलिसिया प्रांताचा सुभेदार झाला. सायप्रसमधल्या सॅलॅमिस शहराने कर्ज काढलेलं, सावकाराच्या मागे उभा होता ब्रुटस, होय, सीझरच्या खुनातला तोच. वसुलीला आलेला माणूस ४८ टक्क्यांचं व्याज मागत होता. सिसेरोचा हुकूम होता १२ टक्के, दरवर्षी चक्रवाढ. त्याने दोन्ही पक्षांना हिशेबाला बसवलं, आणि रक्कम निघाली १०६ टॅलेंट, बारक्या नाण्यापर्यंत चोख. वसुलीवाल्याला हवे होते दोनशे! चक्रवाढ व्याज, अनेक वर्षांचं, कॅल्क्युलेटरशिवाय, वाद मिटेल इतकं अचूक. गोट्यांच्या जगाला कमी लेखणाऱ्यांनी हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा.

मर्यादा नव्हत्या असं नाही. पाटीला सात घरं असली तरी कोरणाऱ्याला मोठी संख्या फार जड जाई. इसवी सनापूर्वी २६० मध्ये रोमन सेनापती ड्युइलियसने कार्थेजच्या आरमाराला हरवलं, त्याच्या विजयस्तंभाचा लेख रोममध्ये आहे. लुटीची रक्कम सांगताना लाखाचं चिन्ह तिथे वीसहून अधिक वेळा, एकामागून एक! विजयाची शेखी मिरवायला याहून झकास आकडेपद्धत शोधून सापडणार नाही, पण वाचणाऱ्याने ते मोजत बसायचं.

आता भागाकार, म्हणजे माझा सध्याचा लाडका. ३९१ भागिले १७. ढिगात आहेत तीन सी, एक एल, चार एक्स, एक आय. १७ म्हणजे एक्स, व्ही, दोन आय. त्याची दसपट म्हणजे प्रत्येक नाणं दोन कप्पे वर: सी, एल, दोन एक्स. हा गठ्ठा ढिगातून एकदा काढला. दुसऱ्यांदा काढताना एल कमी पडला, म्हणून एका सीची मोड दोन एलांत केली. उरले एल आणि आय. तिसऱ्यांदा गठ्ठा निघत नाही. म्हणजे भागाकारात दोन एक्स. आता सुटे सतरा काढा: एकदा, दोनदा, तीनदा, आणि ढीग संपला. भागाकार दोन एक्स, तीन आय. २३. बाकी?

बाकी काहीच नाही. आणि हे ‘काहीच नाही’ लिहायला रोमन आकड्यांत चिन्ह नाही! सहाव्या शतकात ईस्टरची तारीख काढणाऱ्या डायोनिसियसने आपल्या कोष्टकात अशा जागी लॅटिन शब्दच लिहून टाकला, नुल्ला. पाटीवाल्याला शून्याची निकड नव्हती, रिकामी खाच त्याला दिसत होती. निकड लागते ती पाटी मोडून खाचाच कागदावर आणायच्या असतात तेव्हा. ते काम भारतीय अंकांनी केलं, आणि १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने आपल्या ग्रंथातून ते युरोपच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवलं. लगेच स्वागत झालं म्हणता? १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे आकडे वापरायला बंदी घातली, रकमा अक्षरांतच लिहा म्हणून! १५०३ च्या ग्रेगोर राइशच्या ज्ञानकोशात एक चित्र आहे. एकीकडे बोएथियस नव्या आकड्यांनी गणित सोडवून खुशीत, दुसरीकडे पायथागोरस हिशेबाच्या फळीवर गोट्या मांडून पडलेल्या चेहऱ्याने. तीनशे वर्षांनंतरही सामना चालूच होता.

तो भारतीय अंकांनी जिंकला, आणि का जिंकला हे मला रोमन बाजूने खेळल्यावर कळलं. वेग हे त्याचं खरं कारण मला वाटत नाही, सरावलेला माणूस पाटीवर भन्नाट वेगाने बेरजा करू शकतो. पण गोटी सरकली की मागची मांडणी पुसली जाते. उत्तर राहतं, वाट राहत नाही. कागदावरच्या आकड्यांत प्रत्येक पायरी जागेवर असते. दुसरा कुणीही येऊन ती तपासू शकतो, चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवू शकतो. सिसेरोला दोन्ही पक्षांना एकत्र बसवावं लागलं. आज वही पुढे सरकवली की झालं.

म्हणून मी आपले आकडे सोडणार आहे असं समजू नका. पण माझा मुक्काम अजून रोममध्येच आहे, कारण आता नवंच हाती लागलंय: बोटं! इसवी सन ७२५ मध्ये इंग्लंडमधल्या बीड या साधूने बोटांनी ९,९९९ पर्यंत मोजायची रीत लिहून ठेवली आहे. डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट एककांना, अंगठा आणि तर्जनी दशकांना. शतकं आणि हजार उजव्या हातावर. रीत रोमन काळापासूनची. वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन सांगतो की हिशेब सांगताना वक्त्याची बोटं चुकली तर लोक त्याला अडाणी समजत. रोमन कवी ज्युवेनलच्या कवितेतला म्हातारा नेस्टर आपली वर्षं उजव्या हातावर मोजतो, म्हणजे गडी शंभरी ओलांडून गेला! माझी अनामिका अजून एकटी वाकायला तयार नाही, करंगळीला बरोबर घेऊनच खाली येते. तेवढी एकदा वळली की शंभराला हात बदलायचा, आणि मग बसमध्ये उभ्या उभ्या हजारापर्यंत जायला कोण अडवणार?